बुधीकाकीचा तितर

बुधीकाकीच्या नाकातून पानी येत होतं, तोंडातून येत होतं, मी तिला कुशीवर वळवत होती नि ती वळत नव्हती. वल्लं लुगडं दगडाला चिकटलेलं. माझी पोर डोहाच्या काठावर चिखलात बसून रडत होती, तिला मी तशीच टाकली, हंडा पन टाकला, तो गडगडत खाली गेला त्याचा आवाज अजून कानात हाय. मी वरडली. काय वरडली ते आठवत नाय, नुसती वरडली. तवा वरून बाया धावत आल्या, काकीची सून मथी सगळ्यांच्या फुडं. तिनं सासूला बघितलं, मला बघितलं, खाली बसली नि काकीचे दोन्ही खांदे धरले. मला वाटलं मला हात देते. नाय. ती तिला परत पान्याकडं वढायला लागली.

"घाल परत," मथी बोलली. "अजून बसला नसंल तितर."

दुसरीनं मुंडी धरली. त्यांच्यात कोन येडी नव्हती. आमच्या पाड्यावर सगळ्यांना हेच माहीत, बुधीकाकीला कायपन झालं का तिचं तोंड पान्यात घालायचं. काकीनंच शिकवलेलं. मंग मी काकीच्या अंगावर आडवी पडली. खरंच पडली. बोलली, ती बेशुद हाय गं, पान्यात नको, आता पान्यात नको. मथी मला ढकलत होती नि रडत होती, ढकलत होती नि रडत होती.

इथं थांबते जरा. हे सांगताना मलाच दम लागतो. आन काकी कशी होती ते सांगितल्याबिगर तुमाला कळनार नाय का शहान्या बाया बेशुद मानसाला पान्यात कशाला घालत होत्या.

बुधवारी जन्मली म्हनून बुधी. पोशेरा गावाच्या खालच्या अंगाला आमचा पाडा, तिथं आमच्या घराला लागून तिचं घर, मधी नुसतं काट्यांचं कुंपन. माझी नात्याची कोन नाय. मी लग्न होऊन बिनरस्त्याच्या वांगणीहून आली, तवा ती कुंपनावरून बघत उभी, दातावर मशेरी फिरवत, नि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "वांगणीची हाय ना? मंग चांगली हाय. तिकडच्या पोरींना रस्ता नसला तरी चालता." सगळ्या हसल्या. मला रडू आलं. सांजच्याला तीच नागलीची भाकर नि सुक्या बोंबलाची चटनी घेऊन आली. बोलली, भरल्या पोटाला टोमना लागत नाय, खा.

तशीच होती. आधी बोचकारायची, मंग भाकर द्यायची. बारीक, काळी, हाडाची काठी नुसती, पन चालायला लागली का आमी तरण्या बाया मागं पडायच्या. शेळ्यांना शिव्या द्यायची त्या पन नाती लावून. एक शेळी तिची नणंद होती, एक विहीन. नवरा जाऊन लय वर्षं झालेली, पोरगा लक्षा जीप चालवतो, मोखाडा-जव्हार. माझा नवरा दिवाळी झाली का भिवंडीकडं कामाला जातो, मी नि पोर दोघीच. मंग काकी कुंपनाच्या तिकडून आवाज द्यायची, "जित्या हायसा का?" मी बोलायची, हाय. "मंग चूल पेटव ना, धूर दिसत नाय." धूर दिसला नाय तर ती चौकशीला यायची.

आन तिच्या छातीत तितर होता.

असं तीच सांगायची. गवतातून जाताना तितर पायाखालून कसा फर्रकन उडतो, आधी कायपन कळत नाय, तसा तो उडायचा. काम करता करता, नायतर नुसती बसली असली तरी. मधीच तिचा हात छातीवर जायचा, नि दुसऱ्या हाताची बोटं पाखराच्या पंखावानी हलवायची. आमाला खूण होती ती. तितर उडाला. मानेची शीर अशी उडायची का लांबून दिसायची. मंग काकी उठायची, केसांचा बुचडा घट्ट बांधायची, खाली ओहोळाला उंबराखाली डोह हाय तिथं जायची. दगडावर गुडघे टेकायची, दोन्ही हातांनी दगड धरायची नि तोंड पान्यात घालायची. कानापर्यंत. डोहाचं पानी उन्हाळ्यात पन गार असतं.

थोड्या वेळानं वर यायची, म्हशीवानी मुंडी झाडायची, बोलायची, "बसला." तो पन एकदम बसायचा. जसा उडला तसा.

ती पान्यात असली का आवाज द्यायचा नाय, हात लावायचा नाय, हा तिचा कायदा. मी नवी होती तवा एकदा घाबरून तिच्या पाठीला हात लावला, तर वर येऊन मला असली शिवी दिली का मी इथं सांगू शकत नाय. बोलली, "अर्ध्यात उठवलास तं तो बसत नाय. मना मोजता येत नाय, पन मना माहीत हाय केवढा वेळ. तुमी गप उभ्या राहा." तवापासून आमी गप उभ्या राहायच्या. हंडे घेऊन, पोरं घेऊन, काठावर, काकीची पाठ बघत. ती वर आली का मंग आमी पानी भरायच्या.

आमाला त्यात कायच वाटत नव्हतं हो. कोनाला तंबाखू लागते, कोनाला चहा लागतो, काकीला डोह लागतो.

एकदा आवनीला. सगळ्या बाया एका रांगेत वाकून भात लावतोय, काकी कडेला, सगळ्यांच्या फुडं, मागं वळून आमाला टोचतेय का तुमच्या आयांनी तुमाला हात दिले का चमचे. मधीच गप झाली. बोटं हलली. डोह लांब. तर तिनं तिथंच खाचरात तोंड घातलं, गाळात. आमी वाकल्या तशाच राहिल्या. वर आली तवा डोळे सोडून सगळं तोंड चिखल, नाकाखाली भाताची काडी चिकटलेली मिशीवानी. बोलली, बसला. नि आमच्याकडं बघून, "आता हसा, नायतर मरशाल." आमी बांधावर लोळून हसल्या. माझी पोर तवा पोटात होती, हसून हसून पोट दुखलं.

आन शिरपामाळाचं तर पाड्यात अजून सांगतात. उन्हाळ्यात जव्हारला बाहेरचे लोक फिरायला येतात, तवा काकी शिरपामाळावर करवंदं विकायला जायची, पानाच्या द्रोनात. एक दिवस तिथंच तितर उडला. वर माळ, पानी कुठं? बाजूला एक मुंबईची फॅमिली गाडीची डिकी उघडून जेवायला बसलेली, त्यांचा तो मोठा थंडा डबा, त्यात बर्फ नि बाटल्या. काकी सरळ गेली, बाटल्या बाजूला केल्या नि तोंड घातलं. ती बाई अशी किंचाळली का तिच्या नवऱ्याच्या हातातलं ताट पडलं. काकी वर आली, पदरानं तोंड पुसलं, त्यांना करवंदांचे सगळे द्रोन देऊन टाकले नि बोलली, "बरा झाला, तुमी आलात." ते लोक काय समजले देवाला माहीत. काकी बोलायची, बर्फावानी औषद नाय, पन ते मुंबईवाल्यांकडंच असता.

माझी पोर झाली तवा दवाखान्यातून घरी आनली, तर काकीनं तिला मांडीवर घेतलं नि पहिलं काय केलं, तर कान तिच्या छातीला लावला. लय वेळ. मी बघत राहिली. मंग बोलली, "हिचा बरा हाय. हिच्यात पाखरू नाय." तवा मला पहिल्यांदा कळलं का ती घाबरते. हसते, टोमने मारते, पन घाबरते.

मंग मागल्या पावसाळ्यात तो बसलाच नाय.

सकाळची वेळ, ती डोहावर जाऊन आली, परत गेली, परत आली. भिंतीला टेकून बसली नि बोलत नव्हती. काकी नि बोलत नाय, म्हंजे बघा. घाम सुटलेला, ओठ राखेवानी. मला बोलली, छातीवर कोनतरी बसला हाय. लक्षानं जीप काढली, पोरीला मथीकडं ठेवून मी गेली बरोबर, मी आठवीपर्यंत आश्रमशाळेत होती, मला वाचता येतं म्हनून. जव्हारला सरकारी दवाखान्यात नेली. तिथं डॉक्टरबाईनं छातीला वायरी लावल्या, पट्टी काढली, बघितली नि पळापळ झाली. सुई आनली. डॉक्टरबाई बोलल्या, "आजी, आता एक क्षण फार वाईट वाटेल, मेल्यासारखं वाटेल, पण लगेच जाईल. घाबरू नका." सुई दिली. काकीनं माझा हात असा दाबला का बांगडी फुटली. डोळे पांढरे. मशीनीवर रेघ सरळ झाली. बघा, मी ती रेघ बघितली हो, सरळ. मंग एक ठोका. मंग अजून एक. मंग सगळे, बरोबर, सावकाश.

काकी छताकडं बघत बोलली, "मी जाऊन आली."

मंग डॉक्टरबाईनं आमाला बसवून समजावलं. त्या शहरातल्या होत्या, पन बोलायला चांगल्या, कागदावर चित्र काढून दाखवलं. काळजाचे ठोके पडायला आत वीज चालते, तिची एक ठरलेली वाट असते. काकीच्या काळजात जन्मापासून एक चोरवाट हाय. कधीतरी वीज त्या चोरवाटेत घुसते नि तिथल्या तिथं गोल गोल फिरते, जात्यावानी, म्हनून ठोके एवढे जोरात. फेरा तुटला का एकदम बंद. त्यांनी विचारलं, हळूहळू वाढतं का एकदम? काकीनं तितराचं सांगितलं. डॉक्टरबाई बोलल्या, हां, तेच. धावल्यावर, तापात, भ्यायल्यावर ठोके वाढतात ते हळूहळू वाढतात नि हळूहळू उतरतात, ते येगळं. हे असं फर्रकन उडतं ते येगळं.

मी पान्याचं विचारलं. मला वाटलं रागावतील. त्या रागावल्या नाय. बोलल्या, गार पान्यात तोंड घातल्यानं फेरा तुटतो, खरं हाय, आमी पन कधी बर्फ लावतो. पन घरात, बसून, टोपात पानी घेऊन, नि बाजूला मानूस पायजे. एकटीनं ओहोळावर नाय. नायतर नाक नि तोंड बंद करून जोर करायचा, संडासला करतो तसा. काकी बोलली, "कुंथायला शिकायला मी जव्हारपरत आली?" डॉक्टरबाई पन हसल्या. मंग हसू थांबवून माझ्याकडं बघून बोलल्या, "तू लक्षात ठेव. चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधार आला, तर पाणी अजिबात नाही. आडवं झोपवायचं आणि गाडी बोलवायची. छातीत दुखलं, दम लागला, किंवा एकदा-दोनदा करून थांबलं नाही, तर घरी वाट बघायची नाही. सरळ इथं यायचं." मी ते गाडीत बसून बोलत आली, पोथीवानी. आडवं झोपवायचं, पानी नाय, गाडी.

अजून एक बोलल्या त्या. तरणं काळीज सोसतं, आता वय झालं, आता सोसनार नाय. गोळ्या दिल्या नि बोलल्या, नाशिकला जा, तिथं मांडीच्या शिरेतून बारीक तार घालून ती चोरवाट जाळून टाकतात, पोट फाडायचं नाय, कायमचं बरं होतं.

काकी घराजवळ उतरल्यावर बोलली, "मेल्यावर जाळतात ना? तवा जाळा सगळा एकदम. आधी थोडा-थोडा कशाला?"

मी तिच्या मागं लागली. तुमाला खरं सांगते, मी कोनाच्या एवढी मागं लागली नाय, नवऱ्याच्या पन नाय. गोळ्या मी द्यायची, सकाळी कुंपनावरून. ती घ्यायची, मंग तोंड वाकडं करायची पोरीला हसवायला. तिच्या घरात टोपात पानी भरून ठेवलं. पाऊस सरेपरत तितर दोन-तीनदा उडला, तवा तिनं टोपात तोंड घातलं, मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली, आता हात लावायला परवानगी होती. बसला तो. पन तिला पटलं नाय. बोलायची, "टोपातला पानी मेलेला असता. वाहता पानी जित्ता." मी बोलायची, काकी, तुमी जित्त्या पायजेत, पानी मेलेलं चालंल. तर हसायची.

नाशिकला कधी जायचं? तर नागली काढू दे. नागली काढली. तर झोडू दे. झोडली. मंग एक दिवस तीच कुंपनाशी आली, लक्षाला फुडच्या आठवड्यात सवड हाय, बोलली, नि तू येशील ना बरोबर, तिथं मना कोन हाय. मी बोलली, येईन. पोरीला घेऊन येईन. तिनं पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, लग्नाकार्याचं, धुतलं, आमच्या मधल्या कुंपनावर वाळत घातलं. बोलली, तार घालनारा डॉक्टर तरना असंल तर? मी लाजली, ती नाय लाजली.

त्या दिवशी ते लुगडं कुंपनावरच होतं.

आता डोहाचं सांगते. मी हंडा नि पोर घेऊन उतरली, वळनावरून डोह दिसतो. काकी उंबराखाली, गुडघ्यावर, तोंड पान्यात. नेमीची पाठ, नेमीचं लुगडं. माझ्या मनात पहिलं आलं ते राग. बघा, म्हनलं, एकटी आली, टोप घरात भरलेला नि ही इथं आली. फुडं गेली नाय. उभी राहिली. अर्ध्यात उठवलं तर बसत नाय, हे डोक्यात एवढं बसलेलं. मी पोरीला पन गप बोलली, आजी पान्यात हाय. आमी दोघी गप उभ्या. उंबरावर पाखरं वरडत होती, पानी वाहत होतं. आता येल वर. आता मुंडी झाडंल. मला मोजता येतं पन मी मोजलं नाय, तिलाच माहीत असतं ना केवढा वेळ.

मंग तिचा बुचडा सुटला. केस पान्यावर पसरले. काकी बुचडा घट्ट बांधल्याबिगर कधी वाकली नाय. तवा मी हात बघितले, तर त्यांनी दगड धरलेला नव्हता. पान्यात उघडे होते, तळवे वर.

फुडचं तुमाला सांगितलंच. मथी, बाया, मी आडवी पडली ते. लक्षाची जीप मोखाड्याला गेलेली, दुसरी गाडी मिळेपरत बायांनी तिला चादरीच्या झोळीतून रस्त्यापरत नेली. मी तिची मान कुशीवर धरून चालत होती. जव्हारला त्याच डॉक्टरबाई. त्यांनी छाती दाबली, लय दाबली, वायरी लावल्या, सुई दिली. मशीनीवर रेघ सरळ. मी त्या रेघेकडं बघत होती, मला माहीत होतं ना, सरळ होते नि मंग एक ठोका येतो. मी वाट बघितली. डॉक्टरबाईंनी मशीन बंद केली तरी मी बघत होती.

म्हातारी मानसं बोलतात साती आसरांनी नेली, डोहातल्या देवींनी. डॉक्टरबाई बोलल्या, ठोके एवढे वाढले असतील का डोक्याला रक्त पोचलं नाय, चक्कर येऊन ती तशीच पडली असंल, नि तोंड पान्यात. सपाट जमिनीवर पडली असती तर कदाचित उठली असती, कदाचित बोलल्या. मथी आता माझ्याशी बोलते, पन डोहावर माझ्या आधी पानी भरून जाते. हिरवं लुगडं तिनं काकीला नेसवलं.

मला काकी दिसते ती डोहावर नाय दिसत. त्याच सकाळी, त्याच्या थोडी आधी, ती आमच्या दारावरून गेली ती दिसते. मी उंबऱ्यात बसून पोरीला पाजत होती. काकी थांबली. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताची बोटं हलवली, पंखावानी. मी बोलली, थांबा काकी, घरात टोपाशी बसा, मी आली. ती हसली. चांगली हसत होती हो, घाम नाय, ओठ राखेवानी नाय, चालत होती सरळ. बोलली, "पोरीला पाज आधी. तिला अर्ध्यात उठवू नको." नि खाली उतरायला लागली, बुचडा बांधत, पाठ माझ्याकडं.

पोरीचं पोट भरेपरत मी बसली. चक्कर नव्हती, छातीत दुखत नव्हतं, असं नेहमीच व्हायचं, फुडच्या आठवड्यात नाशिक. तुमी असता तर काय केलं असतं? पोरीला अंगावरून वढून उठला असता, तिच्या मागं धावला असता? आन डोहावर पोचल्यावर, ती पाठ दिसल्यावर, जी तुमी एवढी वर्षं बघितली, जिला हात लावायचा नाय असं तिनंच सांगितलेलं, तुमी हात लावला असता? का माझ्यासारखं हंडा घेऊन उभं राहिला असता, आता येल वर, आता येल, म्हनत?